धुराने कफ सुटत नाही, मामा

‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशा सुरुवातीचा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. दावे असे: जुन्या ओढणाऱ्यांनी सिगारेट एकदम सोडू नये, धुराने कफ सुटतो, फुफ्फुसं एकदा बिघडली की सोडून उपयोग नाही, पूर्वी डॉक्टरच दम्यावर सिगारेट द्यायचे, गुळाने तीन दिवसांत छाती साफ होते, आणि गावाकडचे म्हातारे बिड्या ओढून नव्वदी गाठतात. माझ्या मामांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका आणि फुफ्फुसं कायमची बिघडून दम लागण्याचा आजार. दिवाळीपासून त्यांनी सिगारेट बंद केली होती. हा मेसेज आला आणि ‘बघ, लिहिलंय यात’ म्हणत त्यांनी पाकीट परत आणलं.

कफाचा मुद्दा आधी, कारण सगळ्यात घातक तोच आणि वरवर पटणाराही तोच. सकाळी पहिली सिगारेट ओढली की ढास लागते, बेडका पडतो, छाती मोकळी वाटते. पण तो कफ साठला कशाने? श्वासनलिकेच्या अस्तरात काही पेशी चिकट स्राव बनवतात, त्यात धूळ आणि जंतू अडकतात. शेजारच्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. ते सेकंदाला १०-१५ वेळा हलून तो स्राव घशाकडे ढकलतात, आणि आपण तो नकळत गिळतो. खोकावंही लागत नाही. सिगारेटच्या धुरातलं अ‍ॅक्रोलिन आणि हायड्रोजन सायनाइड नेमकं या तंतूंना लुळं करतं. वर्षानुवर्षं धूर लागला की तंतू आखूड होतात, तंतूवाल्या पेशी मरतात. त्यांची जागा भरायला तळाच्या थरातल्या पेशी वाढतात खऱ्या, पण त्यांतल्या बऱ्याच स्राव बनवणाऱ्या होतात, नाहीतर कातडीसारख्या चपट्या, बिनतंतूच्या. कफ वाढला आणि वर नेणारं कोणी उरलं नाही. मग राहतो फक्त खोकला. धूर नळ्यांना झोंबतो, खोकला येतो, रात्रभराचा कफ पडतो. ज्याने साठवला त्यालाच काढल्याचं श्रेय!

एवढं मान्य करतो की सोडल्यावर काहींचा खोकला काही आठवडे वाढतो. मामांचाही वाढला होता. दबलेली खोकल्याची संवेदना परत येते, तगून राहिलेले तंतू कामाला लागतात. बंद खोली झाडायला घेतली की धुरळा उडणारच. (खोकल्यातून रक्त पडलं, ताप आला किंवा दम वाढला, तर मात्र ‘सोडल्यामुळे असेल’ म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा.)

‘आता सोडून काय उपयोग?’ यावर अमेरिका-कॅनडातला लंग हेल्थ स्टडी वाचावा. सीओपीडीची सुरुवात झालेले ५,८८७ ओढणारे त्यात घेतले होते. पुढे ११ वर्षांनी पाहिलं, तर ओढतच राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरने घटत होती, सोडलेल्यांची ३० ने. अकरा वर्षांत जवळजवळ ४०० मिलिलिटरचा फरक. ज्यांच्याकडे मुळात दीड लिटरच उरलंय, त्यांना हा फरक जिना चढताना कळतो. फाटलेले वायुकोश (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे) परत येत नाहीत, नळ्यांची सूजही सोडल्यानंतर बरीच वर्षं रेंगाळते, हे खरंच आहे. म्हणून तर उरलंय ते जपायचं.

दम्याच्या सिगारेटी? होत्या. पण धोतऱ्याच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धोतऱ्याचा धूर घेण्याचा हा उपाय मद्रासहून ब्रिटनला पोहोचला आणि पुढे अशा सिगारेटींचा धंदा झाला. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन आवळलेल्या नळ्या सैल करतं. गंमत म्हणजे मामांच्या इनहेलरमधलं टायोट्रोपियम त्याच कुळातलं आहे, तेही धुराशिवाय. म्हणजे ज्या औषधाच्या नावावर हा मेसेज तंबाखू खपवतोय ते त्यांच्या खिशातच आहे, आणि ते घ्यायला मात्र ते विसरतात.

गूळ: १९९४ साली लखनौच्या संशोधकांचा उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात कोळशाची आणि सिलिकाची धूळ होती. सिगारेटचा धूर नव्हता, माणसं नव्हती, तीन दिवस तर नव्हतेच. गूळ खा, मधुमेह नसेल तर.

नव्वदीतले म्हातारे असतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला सीओपीडी होत नाही, आणि जन्मात बिडी न ओढता केवळ चुलीपुढे बसून तो झालेल्या बायका खेडोपाडी आहेत. साठीत गेलेल्या बिडीवाल्यांचे फोटो मेसेजमध्ये कोण टाकणार?

मामांना मी आता १८००-११-२३५६ हा नंबर लावून दिलाय, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट. शिवाय त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना निकोटीन गम आणि तलफ कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारायचं ठरलंय. मामींनी पाकीट जप्त केलंय, पण त्यावर माझा फारसा भरवसा नाही, खालची टपरी उघडीच असते.