२,०९२ कोटींबद्दल खुलासा

‘केंद्राने नाशिकला मेट्रोसाठी २,०९२ कोटी दिले, महापालिकेने ते सिटीलिंकच्या बसवर उडवले’ असा मेसेज सध्या गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

आकडा खरा आहे, अर्थ मात्र खोटा. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोचा उल्लेख झाला. तिथे २,०९२ कोटी हा प्रकल्पाचा खर्च म्हणून सांगितला होता आणि त्यात केंद्र आपला हिस्सा देईल, असं म्हटलं होतं. म्हणजे ही रक्कम नाशिकच्या खात्यात जमा झालेली नव्हती. अशा प्रकल्पात उरलेला पैसा राज्य, स्थानिक संस्था आणि कर्ज यांतून उभा करायचा असतो. शिवाय भाषणातली घोषणा म्हणजे मंजुरी नव्हे. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता लागते. राज्य मंत्रिमंडळाने मात्र २०१९ मध्येच होकार दिला होता.

सिटीलिंकचा हिशेब वेगळाच आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली ही सेवा महापालिकेची कंपनी चालवते. ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे, तिकिटाचं उत्पन्न कमी पडलं की तूट महापालिकेने भरायची. ती तूट आपल्याच करातून जाते, म्हणून तिचा जाब जरूर विचारा. द्वारका चौकात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी बजेटमध्ये किती तरतूद आहे, हेही नगरसेवकांना विचारा. मला तर हा प्रश्न मेट्रोपेक्षा तातडीचा वाटतो.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.