शाळेच्या पत्र्याला वायर ब्रश लावू नका

‘शून्य कार्बन शाळा, शून्य खर्चात’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. खाली ना कुणाचं नाव, ना संस्थेचं. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. पण दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात माझी वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, आणि याच मेसेजच्या भरवशावर त्या समितीनं दिवाळीच्या सुट्टीत श्रमदान ठरवलंय. पालक आणि सातवीची मुलं मिळून वर्गांवरचे जुने सिमेंटचे पत्रे वायर ब्रशनं घासणार, त्यांना पांढरा रंग देणार आणि मग त्याच पत्र्यांना भोकं पाडून सोलर बसवणार. वहिनीनं फोन करून विचारलं, ‘भावजी, रंग कोणता आणायचा?’

इमारतींची एस्टिमेटं करणं हा माझा रोजचा धंदा आहे. म्हणून आधी याच मुद्द्याबद्दल सांगतो, कारण बाकीच्या चुका नंतर दुरुस्त होतील, ही होणार नाही.

मेसेज म्हणतो: ‘जुने सिमेंटचे पत्रे फेकू नका. घासून रंगवा, त्यावरच पॅनेल लावा. त्यात पांढरा ॲस्बेस्टॉस असतो, तो निरुपद्रवी आहे. इतकी वर्षं मुलं त्याखाली शिकली, कुणाला काही झालं का?’

सिमेंट आणि राखेच्या मिश्रणात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे एका खनिजाचे, तंतू घालून हे पत्रे बनतात. बिगर-ॲस्बेस्टॉस पत्रे आता मिळतात, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या शाळेवर ते असतील असं धरून चालू नका. पत्रा धड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. ऊन-पावसानं वरचा थर झिजला, शेवाळं धरलं, कडा तुटल्या की तंतू उघडे पडतात. तुटलेली कड जवळून पाहा, पांढुरकी, केसासारखी बारीक लव दिसते. डोळ्यांना न दिसणारे तंतू त्याहून कितीतरी बारीक असतात आणि तासन् तास हवेत तरंगत राहतात. वायर ब्रश त्यांना सोडवून हवेत उडवतो. ड्रिल तर थेट भुकटीच करतं, आणि ती भुकटी खाली बाकांवर, फळ्याच्या कडेवर, तांदळाच्या पोत्यांवर बसते. सुट्टी संपली की मुलं येऊन झाडू मारतात आणि ती परत उडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग कोण झाडतं हे तुम्हाला-मला माहीत आहे.

‘पांढरा म्हणजे निरुपद्रवी’ हे सरळसरळ खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि स्वतः ती संघटना, दोघांचं म्हणणं एकच आहे: ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला कॅन्सर करतात. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, अंडाशयाचा, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा, ज्याला मेसोथेलिओमा म्हणतात. ब्रिटननं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, अमेरिकेनंही २०२४ मध्ये तसा नियम केला. आपल्याकडे तो अजून बाहेरून आणून विकला जातो, म्हणून दुकानात सहज मिळतो. दुकानात मिळतो याचा अर्थ शाळेत घासायला योग्य, असा होत नाही.

‘कुणाला काही झालं का?’ हा प्रश्न तर सगळ्यात घातक. तंतू छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २०, ३०, ४० वर्षं जातात. आज आठ वर्षांची असलेली मुलगी पन्नाशीला येईल तेव्हा तिच्या खोकल्याचा आणि या श्रमदानाचा संबंध कोण जोडणार? ब्रिटन सरकारला सल्ला देणाऱ्या कर्करोगविषयक समितीनं २०१३ मध्ये नेमका शाळकरी मुलांचाच विचार केला होता. तिचा अंदाज असा: तेवढाच संपर्क ५ व्या वर्षी आला तर जन्मभरातला मेसोथेलिओमाचा धोका, ३० व्या वर्षी आलेल्या संपर्काच्या तुलनेत सुमारे ५ पट. मुलांची फुप्फुसं मुळातच जास्त नाजूक असतात का, हे समितीला सांगता आलं नाही; हा अंदाज त्यांच्यापुढे आयुष्य जास्त उरलेलं असतं आणि रोगाला वाढायला वेळ जास्त मिळतो म्हणून. बाकी काही वाचू नका, एवढं एक वाक्य समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

सोलापूरकरांना धुळीचं वेगळं सांगायची गरज पडू नये. सूतगिरण्यांत, यंत्रमागांवर जन्म काढलेल्या माणसांची छाती म्हातारपणी कशी वाजते ते आपण घराघरांत ऐकलंय. ती धूळ निदान दिसत तरी होती.

मग पत्र्यांचं करायचं काय? धड असतील तर हात लावू नका. घासणं नाही, पाण्याचा जेट नाही, भोक नाही, वर चढणं नाही. त्या पत्र्यावर माणूस चढला की पत्रा फुटून तो खाली पडतो, असे मृत्यू बांधकामात नेहमी होतात. उकाडा कमी करायचा तर खालून फॉल्स सीलिंग करा. त्याचे हूक लोखंडी अँगलला अडकवा, पत्र्याला नाही. पत्रा फुटला असेल, भुगा पडत असेल, तर बदलायलाच हवा. तोही मुलं नसताना, पत्रा ओला करून, बोल्ट सोडवून, अख्खाच्या अख्खा उतरवून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. काम करणाऱ्याच्या तोंडाला रुमाल चालत नाही, एन-९५ मास्कही ॲस्बेस्टॉसला पुरत नाही, तोंडावर घट्ट बसणारा पी-१०० फिल्टरचा मास्क हवा. आणि उतरवलेला पत्रा गोठ्याला किंवा न्हाणीच्या आडोशाला कुणी नेऊ नये. हे काम जाणकाराचं आहे, श्रमदानाचं नाही.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि मला ती या मेसेजच्या पदरात टाकायला जड जातंय. ‘आहे ती इमारत पाडू नका’ हा त्यातला विचार बरोबर आहे. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. चांगल्या दगडी भिंतींची जुनी शाळा पाडून तिथे आरसीसीची नवी बांधली तर त्या नव्या सिमेंटचा कार्बन पहिल्याच दिवशी हवेत जातो, मग वर कितीही सोलर लावा. आपल्याकडे पांढरीच्या मातीची माळवदं होती, जाड भिंती होत्या, आतलं घर मे महिन्यातही सुसह्य असायचं. भिंती, पाया, शहाबादी फरशी जरूर राखा. पण राखायचं म्हणजे काहीही राखायचं नसतं.

पांढऱ्या रंगाबद्दलही तेच. स्लॅबच्या गच्चीवर चुन्याचा किंवा उन्हं परतवणाऱ्या रंगाचा हात मारला की खालच्या वर्गाचं तापमान काही अंशांनी उतरतं. अहमदाबादनं वस्त्यांत हे करून पाहिलं, तेलंगणानं २०२३ मध्ये त्याचं धोरणच आणलं. तुमच्या शाळेला स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी हे काम नक्की करा, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. माझी हरकत वायर ब्रशला आणि ॲस्बेस्टॉसला आहे.

पुढचा मुद्दा एसीचा. ‘३ किलोवॅटचं सोलर लावा, खिडक्या काचेनं कायमच्या बंद करा, एसी चालवा, कार्बन शून्य.’ गणित करू या. ३ किलोवॅटचं सोलर आपल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतं. चाळीस मुलांच्या वर्गाला दीड टनाचे दोन एसी धरा, शाळेच्या पाच तासांत तेरा-एक युनिट गेले. म्हणजे एका वर्गाच्या थंडाव्यात अख्ख्या शाळेचं सोलर संपलं. त्याच वर्गात बीएलडीसीचे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे, चार पंखे पाच तासांत अर्ध्या युनिटच्या जरा वर घेतात. उरलेली वीज ग्रिडला गेली तर दर युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं १,३२० मेगावॅटचं वीजकेंद्र कशावर चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय एसीतला वायू गळला तर आर-३२ सारखा त्यातल्या त्यात बरा वायूही किलोमागे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो.

पण मला विजेपेक्षा बंद खिडक्यांची धास्ती जास्त आहे. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. वीस बाय वीस फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर हवा. बसलेलं मूल तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, चाळीस मुलं ४८० लिटर. खोली खरोखरच बंद असेल तर अर्ध्या तासात आकडा बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) अडीच हजारांवर जातो. फटींतून हवा येते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण चांगल्या वर्गात तो हजाराच्या आसपास राहावा असं मानतात. अमेरिकेत बर्कलीला २०१२ मध्ये अशाच अडीच हजारांच्या हवेत २२ माणसांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांची निर्णयक्षमता स्पष्ट घसरली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार भार टाकत नाही. पण ज्या हवेत सगळ्यांचा उच्छ्वास साठतो तिथेच गोवर, फ्लू आणि क्षयही साठतो. त्याला अभ्यासाची गरज नाही.

दुपारी झळा सुरू झाल्या की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, हे मलाही कळतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळची शाळा. म्हणून वरचे झरोके उघडे, एक एक्झॉस्ट पंखा, खिडकीबाहेर छज्जा किंवा बांबूची चिक. आपली हवा कोरडी, त्यामुळे खिडकीतला कूलरही इथे चांगला चालतो आणि तो बाहेरची ताजी हवा आत घेतो. फक्त टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाका, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

‘पोषण आहार गॅसवर नको, चुलीवर शिजवा, लाकूड कार्बन-न्यूट्रल आहे.’ झाड परत लावलं तर तो कार्बन कधीतरी परत शोषला जाईल, इतकंच यात खरं. तोवर धूर स्वयंपाक करणाऱ्या ताई आणि शेजारचा पहिलीचा वर्ग खातो. घरातल्या अशा धुरानं २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, हाही जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज. खिचडीचा गॅस बंद करून शाळेचा कार्बन कमी करायची भाषा कुणी माझ्यासमोर करू नये.

कुंड्यांनी वर्गातली हवा शुद्ध होते, असंही मेसेज म्हणतो. कुंड्या ठेवा, मुलांना पाणी घालायला शिकवा, छान दिसतात. हवा त्यांनी शुद्ध होत नाही. त्यासाठी चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असा हिशोब २०१९ मध्ये संशोधकांनी मांडला आहे. मग मुलं कुठे बसणार?

जुनी दारं-खिडक्या वापरा, हे ठीक. पण त्यांचा जुना ऑइल पेंट मुलांकडून पॉलिश पेपरनं घासून घेऊ नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. घासायचाच तर ओला करून, मोठ्या माणसानं, मोकळ्या पटांगणात.

सोलर हवंच. मैदानाच्या कडेला किंवा स्लॅबवर, स्वतःच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) खांबांवर, पत्र्यापासून वेगळं. समितीनं आधी वीजबिलं काढावीत, पंखे आणि ट्यूब बदलल्यावर गरज किती उरते ते पाहावं, मग किलोवॅट ठरवावेत. वहिनीला मी सांगितलंय की श्रमदानाचा ठराव मागे घ्या आणि पत्रे धड आहेत की फुटके, हे जमिनीवरूनच पाहून, फोटो काढून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. ज्या गावांत हा मेसेज पोचलाय आणि ब्रश विकत घेऊन झालेत, तिथल्या समित्यांनीही तेच करावं.