पुढची काच प्रवाशांची

पॅरिसला निघालेलं ओळखीतलं कुणी भेटलं की मी एक गोष्ट हटकून सांगते. मेट्रोच्या १ नंबर लाइनवर जा, प्लॅटफॉर्मच्या अगदी पुढच्या टोकाला उभे राहा, पहिल्या डब्यात चढा आणि पुढच्या काचेपाशी जागा धरा. घाई नसेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. १६.६ किलोमीटर, २५ स्टेशनं. वर रस्त्यावर दिवसभर पायपीट करून जे शहर कळत नाही ते या प्रवासात कळतं, असं माझं ठाम मत आहे आणि आज ते जरा सविस्तर मांडायचंय.

एरवी भुयारी रेल्वेत आपण बघतो काय? बाजूच्या खिडकीत काळी भिंत आणि त्यावर आपलाच चेहरा. स्टेशन आलं की उजेड, सुटलं की अंधार. इथे चढलो, तिथे उतरलो, मधल्या वाटेशी आपला संबंधच येत नाही. पुढच्या काचेपाशी उभं राहिलं की ती मधली वाट दिसायला लागते. बोगदा वळतो, उतरतो, मध्येच रुंद होतो. कुठे एखादा रूळ मुख्य मार्ग सोडून बाजूच्या अंधारात शिरतो. तो दुसऱ्या लाइनीला जोडणारा असतो आणि त्यावरून प्रवासी कधीच जात नाहीत. दोन स्टेशनांच्या मध्येही कुणीतरी विचार केला होता, कुणीतरी खणलं होतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

ही पॅरिसची सगळ्यात जुनी लाइन. १९ जुलै १९०० ला ती सुरू झाली, शहरात जागतिक प्रदर्शन चालू असताना. पोर्त मायो ते पोर्त द व्हँसेन अशी १८ स्टेशनं ठरली होती, त्यातली पहिल्या दिवशी फक्त ८ उघडली आणि बाकीची पुढच्या काही आठवड्यांत. तिकीट दुसऱ्या वर्गाचं १५ सांतीम (फ्रँकचा शंभरावा भाग), पहिल्या वर्गाचं २५. सगळ्या कामाचा सूत्रधार होता फ्यूलजाँस बियँव्हन्यू हा इंजिनिअर. तरुणपणी रेल्वेच्या कामावर झालेल्या अपघातात त्याने डावा हात गमावला होता. १८९८ च्या शरद ऋतूत सुरू झालेलं काम त्याने दोन वर्षं पुरी व्हायच्या आत उरकलं, आणि तेही भर शहरात.

आता या लाइनीचा दुसरा पराक्रम. सगळ्यात जुनी असलेली हीच लाइन आज चालकाशिवाय धावते. १४ नंबरची लाइन १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच विनाचालक आहे, पण ती मुळात तशी बांधलेली. १ नंबर ही शंभरी ओलांडलेली आणि गर्दीने ओसंडणारी लाइन. ती महिनोन्महिने बंद ठेवणं शक्यच नव्हतं. त्यामुळे प्लॅटफॉर्मच्या कडेला अर्ध्या उंचीची सरकती दारं रात्री काम करून बसवली गेली. ३ नोव्हेंबर २०११ ला पहिल्या विनाचालक गाड्या रुळांवर आल्या आणि डिसेंबर २०१२ पर्यंत सगळ्या गाड्या तशा झाल्या. मधला वर्षभराचा काळ चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या एकाच रुळांवर एकामागोमाग धावत होत्या. या कामाचं तांत्रिक कौतुक पुष्कळ झालं आणि ते व्हायलाच हवं. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट मात्र ही, की गाडीच्या तोंडाशी असलेली केबिन गेली आणि तिथे प्रवाशांना उभं राहता येईल अशी मोठी काच आली. १११ वर्षं जे फक्त चालक बघत होते ते आता साधं तिकीट काढलेल्या कुणालाही दिसतं.

पश्चिमेकडून निघावं असं मी सुचवेन, म्हणजे ला देफॉन्स या ऑफिसांच्या उंच इमारतींच्या भागापासून. हा सगळ्यात नवा तुकडा, १९९२ सालचा. एस्प्लनाद द ला देफॉन्स हे पुढचं स्टेशन सोडलं की गाडी अचानक उजेडात येते आणि तुम्ही सेन नदीवर असता! पुलाच्या मधोमध मेट्रो, दोन्ही अंगांना वाहनांचा लोंढा. नदीखालून बोगदा न्यायचा आधी विचार होता, पण असलेल्या पुलावरून रूळ नेणं स्वस्त पडलं. त्या काटकसरीबद्दल मी मनापासून आभारी आहे. बाजूच्या खिडकीतून तिथे फक्त गाड्या दिसतात. पुढून बघणाऱ्याला आधी बोगद्याच्या तोंडाशी वाढत जाणारा पांढरा ठिपका दिसतो, मग सगळं आकाश, मग समोरच्या तीरावर पुन्हा काळं तोंड उघडलेलं.

नदीपलीकडच्या पाँ द न्यूयी स्टेशनापासून पोर्त मायोपर्यंतची लाइन १९३७ ची, आणि पोर्त मायोच्या पुढे तुम्ही १९०० सालात शिरता. जुन्या स्टेशनांच्या लांबीकडे लक्ष द्या. ती मुळात ७५ मीटरच्या प्लॅटफॉर्मची होती. १९६० च्या दशकात सहा डब्यांच्या गाड्या आणायच्या म्हणून ती ९० मीटर केली. काही स्टेशनांत गाडी आत शिरताना छताचा आकार मध्येच बदलतो तो या वाढवलेल्या भागामुळे. बहुतेक ठिकाणी पांढऱ्या टाइल्सची रुंद कमान आहे. जिथे रस्ता आणि रूळ यांच्यात कमानीपुरतीही उंची मिळाली नाही तिथे पोलादी तुळयांवर सपाट छत टाकलंय. वरचा रस्ता किती जवळ आहे ते ते छत बघून समजतं.

एतोआल चौकापासून शाँझेलिझे सुरू होतो. वरचा रस्ता सरळ आहे आणि कॉन्कॉर्द चौकाकडे उतरत जातो, म्हणून खालचा बोगदाही सरळ आणि उताराचा. इथे लांबवर दिसतं. पुढच्या स्टेशनाचा उजेड, आणि गर्दीच्या वेळी पुढे गेलेल्या गाडीचे लाल दिवे. विनाचालक झाल्यापासून दोन गाड्यांमधलं अंतर ८५ सेकंदांपर्यंत खाली आणता येतं. ते लाल दिवे बघितले की ८५ सेकंद म्हणजे किती कमी, हे पोटात जाणवतं.

आणि मग कॉन्कॉर्द. या लाइनीतली माझी सगळ्यात आवडती जागा खरं तर बॅस्टिल, पण समजावून सांगायला कॉन्कॉर्दच उत्तम. शाँझेलिझेची सरळ रेघ पुढे त्युलरी बागेच्या मधोमध जाते आणि लूव्हरला भिडते. मेट्रो मात्र बागेतून गेली नाही. ती बागेच्या उत्तरेकडच्या रिव्होली रस्त्याखालून नेली. का? तर बियँव्हन्यूच्या बोगद्यांचा शिरस्ताच तो होता: शक्यतो रस्त्याखालून जायचं, खाजगी घरांच्या पायांना हात लावायचा नाही. त्यामुळे कॉन्कॉर्दपाशी गाडी आधी डावीकडे सरकते, मग उजवीकडे वळून रिव्होलीखाली येते. डब्यात बसलेल्याला नुसता हेलकावा जाणवतो. काचेपाशी उभ्या असलेल्याला कळतं, की आपण आत्ता राजवाड्याची बाग सोडून बाजारपेठेच्या रस्त्याखाली आलो. रिव्होलीखाली आधीपासून शहराचं मोठं गटार होतं. मेट्रोला जागा करायला ते हलवावं लागलं. वरच्या रस्त्याचं प्रत्येक वळण खालच्या बोगद्याने पाळलंय, त्यामुळे ही लाइन पुढून बघणं म्हणजे पॅरिसचे रस्ते खालच्या बाजूने वाचणं आहे.

सँ-पोल सोडलं की सावध व्हा. बॅस्टिलला लाइनीला सँ-मार्तँ कालवा ओलांडायचा आहे आणि जुन्या रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्याला लागायचं आहे. त्यासाठी इतकी तीव्र वळणं घेतलीत की गाडीचा वेग एकदम उतरतो आणि समोरची भिंत अंगावर येतेय असं वाटतं. त्यातून बाहेर पडता पडता उजेड येतो. हे स्टेशन कालव्यावर आहे, प्लॅटफॉर्म वाकडे आहेत आणि बाजूला आर्सेनालच्या धक्क्यावर बांधलेल्या बोटी दिसतात. बोगद्याच्या वाटेत भर शहरात पाणी आणि बोटी! १८९९ मध्ये याच लाइनीचं खोदकाम चालू असताना बॅस्टिलच्या किल्ल्याच्या एका बुरुजाचा पाया सापडला होता. शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात वाचलेला तो तुरुंग. ते दगड तिथून काढून सेनच्या काठाजवळच्या एका छोट्या बागेत मांडून ठेवलेत. वेळ असेल तर उतरून बघून या, पायी जाण्याइतकं जवळ आहे.

गार द लियाँ, नासियाँ, तिथून व्हँसेनपर्यंतचा भाग साधा आहे. तिथे मी रुळांकडे बघत बसते, कारण रूळही बघण्यासारखे आहेत. ही लाइन १९६० च्या दशकात रबरी टायरांवर आली. समोर तुम्हाला नेहमीचे पोलादी रूळ दिसतील, पण भार त्यांच्यावर नसतो. त्यांच्या बाहेरच्या बाजूला टायरांसाठी रुंद पट्ट्या आहेत, आणि कडेला उभ्या पट्ट्या, ज्यांना आडवी चाकं टेकून गाडीला वळवतात. टायर फुसका झाला तर गाडी पोलादी चाकांवर उतरते आणि तरीही चालते. ही सगळी रचना पुस्तकातल्या आकृतीवरून समजायला कठीण जाते. काचेतून दोन मिनिटांत समजते. तशीच बोगद्याची अंगाबरोबर असलेली रुंदी. डबे जेमतेम २.४ मीटर रुंद आहेत, कारण मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या गाड्या आपल्या बोगद्यांत कधीच घुसू नयेत अशी पॅरिस शहराची इच्छा होती. त्या जुन्या भांडणाचा निकाल अजून तुमच्या डाव्या-उजव्या हाताला उभा आहे.

न्यूयॉर्कमध्ये याच्या नेमकं उलट झालं, आणि ते मला खरोखर लागतं. तिथल्या सबवेची पहिली लाइन १९०४ ची. तिथल्या जुन्या गाड्यांत चालकाची केबिन पुढच्या टोकाच्या फक्त एका बाजूला असायची. मधल्या दाराला काच, आणि त्या काचेपाशी पोरं, म्हातारे, रेल्वेवेडे नाक लावून उभे. तिचं नावच पडलं ‘रेलफॅन विंडो’. २००० नंतर आलेल्या नव्या गाड्यांत केबिन पूर्ण रुंदीची झाली. ही काच शेवटपर्यंत टिकवणाऱ्या गाड्यांपैकी एक म्हणजे १९६४-६५ च्या आर-३२ या मॉडेलच्या, बिनरंगाच्या चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या. त्यांची शेवटची फेरी ९ जानेवारी २०२२ ला झाली. चालकाला प्रशस्त, सुरक्षित केबिन मिळायला हवी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिथे दिवसभर काम करणाऱ्याची सोय आधी. पण त्या केबिनीच्या मागच्या भिंतीला तरी काच ठेवता येते की नाही? जगात अनेक गाड्यांत ती असते. चालकाच्या खांद्यावरून पुढचं दिसतं आणि त्याच्या कामात व्यत्यय येत नाही.

चालकांचा विषय निघालाच आहे तर तोही टाळत नाही. ‘या काचेसाठी माणसांच्या नोकऱ्या गेल्या’ असं मला एकदा ऐकवलं गेलं. नोकऱ्यांची चिंता रास्तच आहे. १ नंबर लाइनवर हा बदल चालकांशी बोलणी करून, त्यांना इतर लाइनींवर आणि इतर कामांत सामावून घेत केला गेला, आणि मला तो मार्ग योग्य वाटतो. ज्या शहराला चालक ठेवायचे आहेत त्याने जरूर ठेवावेत. माझं भांडण फक्त त्या गाड्यांशी आहे जिथे चालक नाही आणि तरीही पुढच्या टोकाला उपकरणांचं कपाट किंवा बंद पत्रा लावलाय. तिथे कुणाचीच सोय होत नाही.

दुसरा आक्षेप: हे लहान मुलांचं वेड आहे. मुलं धावत त्या काचेपाशी जातात हे खरं, आणि त्यांना आधी जागा द्यावी, तेही खरं. पण त्यांच्या मागे उभे असलेले चेहरे बघा. ऑफिसची बॅग खांद्याला लावलेले, रोज हाच प्रवास करणारे लोक मोबाइल खिशात टाकून पुढे बघत असतात. सार्वजनिक पैशातून बांधलेला हा बोगदा आहे. आपल्याच पैशाने काय बांधलंय, ते बघायची मुभा लोकांना असावी, त्यासाठी वय आड येऊ नये.

४ नंबरची लाइनही आता पूर्ण विनाचालक झाली आहे, म्हणजे पॅरिसात ही काच आणखी एका जुन्या लाइनीवर आली. जगात आणखीही शहरं जुन्या लाइनींसाठी नव्या गाड्या घेतील. त्या गाड्यांचे आराखडे ठरवणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच: काच पाच वर्षांच्या मुलाला दिसेल इतकी खालपर्यंत ठेवा, तिच्यावर जाहिरातीचे स्टिकर लावू देऊ नका, आतला दिवा तिच्यावर चमकणार नाही असा बसवा आणि बाहेरून ती रोज पुसली जाईल याची तजवीज करा. हे सगळं ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं लागतं, कारण या गाड्या तीस-चाळीस वर्षं धावतात आणि पत्रा एकदा बसला की मागाहून तो कापून काच बसवायला कुणी पैसे देत नाही.