रेट्रो म्हणजे रिमिक्स नव्हे!

रेट्रो पार्टीच्या आमंत्रणावर 'सत्तरचं दशक' छापायचं, पाहुण्यांना बेलबॉटम घालायला लावायचं आणि वाजवायचं काय, तर 2000 नंतरचे रिमिक्स! अहो, डिस्कोची लाटसुद्धा आपल्याकडे उसळली ती 1980च्या 'कुर्बानी' चित्रपटानंतर. सत्तरसाठी आर. डी. बर्मन यांचं एकट्याचं भांडार पुरून उरतं. तीन तासांना चाळीस गाणी पुष्कळ झाली. जुनी मोनो (म्हणजे एकाच वाहिनीवरची) ध्वनिमुद्रणं नव्या गाण्यांपुढे दबकी वाजतात, म्हणून आवाजाची पातळी आदल्या दिवशीच सारखी करून ठेवा. आणि कृपा करून एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याचा ठेका त्याच्या ठेक्यावर जोडू नका! तेव्हा अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजवायचा, लय किंचित पुढेमागे व्हायची; जोडायला गेलं की दोन्ही ठेके एकमेकांवर आदळतात. एक गाणं पूर्ण संपू द्या, मग दुसरं लावा ना!