‘पाच महिन्यांत तारा खरखरायला लागल्या’ : दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी दुकान उघडल्यावर आधी ऑगस्टचं बिलबुक काढलं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुलासाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला आलात, बजेट २० हजार सांगितलंत. त्याला आवडलेली काळी, टोकदार गिटार सोडून आम्ही साधीच गळ्यात मारली, वर अ‍ॅम्पही घ्यायला लावला. आता जानेवारीत तारा खरखरतात, नेकची, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याची, कड बोटाला कापते, अ‍ॅम्प गुणगुणतो. दाखवायला आणली तर ८०० रुपये सांगितले. तीच गिटार ऑनलाइन दीड हजारानं स्वस्त मिळते. आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्या मुलाला म्हणाला, “ती तुझ्या आवाक्यातली नाही.”

शेवटचं आधी घेतो. त्या पोराला विचारलं, म्हणालोच म्हणाला. त्याला म्हणायचं होतं वेगळं, पण सोळा वर्षांच्या मुलाला, बापासमोर, पहिल्या गिटारच्या दिवशी असं बोलायचं नसतं. माफ करा. मुलाची माफी मी समोरासमोर मागेन.

८०० रुपयांचंही चुकलंच. बिलावर ‘सेटअप (गिटारची जुळवणी) ३० दिवस मोफत’ छापलंय, पण विकताना आम्ही तोंडानं सरसकट ‘वर्षभर बघू’ म्हणतो. मग तोंडाचं खरं धरायला हवं. तुमचं काम मोफत होईल, तारांचा नवा संचही आमच्याकडून. बिलावरची ओळ या आठवड्यात बदलतोय.

आता काळ्या गिटारचं. तिथं मात्र मी मागे हटणार नाही. ती १८,९०० ची होती. तुमच्या बजेटात उरले असते ११०० रुपये आणि अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे शेजारच्या खोलीतही ऐकू न जाणारी टिणटिण. मूल आठ दिवस वाजवतं, मग ती कपाटाच्या मागे जाते. अशा कितीतरी गिटारी माझ्याकडे परत विकायला आल्यात, तारा कारखान्यातल्याच. तुम्हाला दिलेला हिशेब असा होता : गिटार १३,८००, हेडफोनची सोय असलेला १० वॅटचा अ‍ॅम्प ५,४००, केबल ३५०. एकूण १९,५५०, बॅग आमच्याकडून.

पैशांपेक्षा मोठी अडचण तिच्या ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा जिथं टेकतात त्या भागाची. तो फ्लॉइड रोज पद्धतीचा, तरंगता. एका बाजूनं तारांचा ताण, दुसऱ्या बाजूनं मागच्या स्प्रिंगांचा, त्या तोलावर तो उभा असतो. एक तार तुटली की तोल गेला आणि उरलेल्या पाचही बेसूर. तार बदलायची तर आधी अ‍ॅलन कीनं क्लॅम्प सोडा, मग एक तार लावली की दुसरी उतरते, दुसरी चढवली की पहिली. नव्या मुलाची अख्खी संध्याकाळ त्यात जाते. महागड्या गिटारवर हा ब्रिज सुंदर चालतो, स्वस्तातला लवकर झिजतो आणि सूर धरत नाही. मुलाला हेवी मेटल वाजवायचंय हे त्यानं सांगितलं होतं, म्हणून तर ब्रिजजवळ हंबकर (दोन कॉइलचा, भरदार आवाजाचा पिकअप) असलेली गिटार काढून दिली. हे सगळं त्याला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. शनिवारची गर्दी होती, सांगितलं नाही.

खरखरीबद्दल. गिटार तुम्ही भर पावसाळ्यात नेलीत. तेव्हा लाकूड दमट हवेनं फुगलेलं असतं, त्या अंदाजानं बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तार साधारण १.६ मिलिमीटर उंच ठेवून दिली होती. दिवाळीनंतर पुण्याची हवा कोरडी पडते. लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून तिची टोकं कडेला बाहेर येतात आणि बोटाला लागतात. नेकही थोडा मागे जातो आणि तारा फ्रेटला घासतात. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेची ती झणझणती गुंज, काढायला मिरजेचे कारागीर जिवाचं रान करतात, इथं ती फुकट मिळते आणि कुणालाच नको असते!

घरी बघायचं असेल तर जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथं बॉडीला मिळतो तिथं, अशी दोन्हीकडे दाबा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल करायचं काम आहे, टोकं कानशीनं घासायची, तासाभरात होतं. ट्रस रॉडला घरी हात लावू नका.

गुणगुणीचं एक सांगा. पिकअपचा (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकांचा) स्विच ब्रिजकडे केला की ती थांबते का? थांबत असेल तर दोष नाही. उरलेले दोन पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे, आहेत, ते घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतात. हंबकर ती मारण्यासाठीच बनवला, १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरनं त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण अ‍ॅम्पची तीन पिनांची प्लग तुम्ही दोन पिनांच्या अडॅप्टरला लावली असेल तर आजच काढा. अर्थिंग नसलेल्या अ‍ॅम्पवर गिटार वाजवायची नाही, हे मी ओरडून सांगतो.

दीड हजाराचा फरक खरा आहे, नाकारत नाही. तेवढ्या कमी भावात मला परवडत नाही. ऑनलाइन खोका कारखान्यातून निघतो तसा दारात येतो, आमच्याकडे प्रत्येक गिटारवर पाऊण तास जातो. त्याचे पैसे किमतीत आहेत. ते तुम्हाला पटलं नाही तर पुढची ऑनलाइन घ्या, सेटअपला तरीही आणा.

बुधवारी दुकान बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी पाचनंतर मी स्वतः असतो, मुलाला घेऊन या. काळी गिटार अजून भिंतीवर आहे, तुमचं काम होईपर्यंत ती त्याच्या हातात देतो, हवी तशी वाजवू दे. येताना तारा उतरवू नका, आहेत तशा ताणलेल्या राहू द्या, नाहीतर नेक किती मागे गेलाय ते कळत नाही.