रस्सा रिपीट होत नाही

लेकीनं पहिल्या पगारातून आम्हाला फाइन डायनिंगला न्यायचं काढलं, तेव्हाच मी म्हणालो होतो, मामांना घरी ठेवूया. मामा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपण तालमीत गेलेलं, कान फुटलेले, आणि जेवायला बसले की अजूनही खासबागेत उतरल्यासारखे बसतात. पण नात हट्टाला पेटली.

ठिकाण ताराबाई पार्कात. नाव सांगत नाही. मालक आपल्याच गल्लीत कुणाचा तरी पावणा निघायचा. बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, चप्पल चालणार नाही. कोल्हापुरात! मी मुकाट्यानं बूट चढवले. मामा करकर वाजणारं पायताण घालूनच आले. दारावरच्या पोरानं आधी पायताणाकडं बघितलं, मग कानांकडं, आणि दार उघडलं.

आत इतका अंधार की मला वाटलं लोडशेडिंग आहे. टेबलावर प्रत्येकापुढं तीन काटे, तीन सुऱ्या. मामांनी नॅपकिन झटकून पंच्यासारखा खांद्यावर टाकला. वेटरनं विचारलं, "सर, स्टिल की स्पार्कलिंग?"

"थेट पाइपलाइनचं हाय का?" मामा.

सात कोर्स होते. पहिला आला काळ्या दगडावर. फरशीएवढा दगड आणि त्यावर रुपयाएवढी चकती. ती कशाची, कुठल्या मातीतली, कशी वाळवली, हे वेटरनं उभं राहून सांगितलं. सांगून होईपर्यंत मामांची चकती पोटात जाऊन जुनी झाली होती.

"बरा हाय नमुना," ते म्हणाले. "आता माल आणा."

दुसरा आणि तिसरा कोर्स आठवत नाही. एकात बीट होतं.

मधल्या वेळात बायकोनं मोबाइल काढून ज्ञान वाढवायला घेतलं. ज्या मिशेलिनच्या चांदण्यांसाठी जगभरचे आचारी झुरतात, ती मूळची टायरची कंपनी. 1900 साली लोकांनी गाड्या फिरवाव्यात, टायर झिजवावेत म्हणून तिनं गाइड छापलं. चांदण्या 1926 पासून. एक चांदणी म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करा, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जा. या हिशेबानं शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या जिच्यासाठी हायवेला लागतात, त्या आपल्या पत्र्याच्या खानावळीला तीन चांदण्या कधीच मिळायला हव्या होत्या. टायर तर झिजतातच.

अजून एक कळलं. एकामागून एक पदार्थ आणायची रीत रशियाची. ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसला पोचली. त्याआधी फ्रेंच लोकही बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे. म्हणजे आमच्या ताटासारखं! आणि 'रेस्टॉरंट' हा शब्दच मुळात अंगात ताकद आणणाऱ्या मांसाच्या रश्श्याचा. पुढं तो पाजणाऱ्या दुकानालाच ते नाव पडलं.

"मग हितं रस्सा कुठाय?" मामांनी बरोबर धरलं.

चौथ्या कोर्सला आला. 'डीकन्स्ट्रक्टेड पांढरा रस्सा.' खोलगट ताटलीच्या तळाशी मटणाचा एक तुकडा, त्यावर पांढरा फेस, फेसावर मोजून टाकलेली खसखस. खरं सांगतो, चव उत्तम होती. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, मिरीची झणक, सगळं जागच्या जागी. फक्त ते दीड चमचा होतं, आणि रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. ताटली तोंडाला लावायचा प्रयत्न मी केला. बायकोनं टेबलाखालून पाय मारला.

मामांनी मात्र हात वर केला. "पोरा, रस्सा फिरव."

वेटर आत गेला. मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, कोर्स रिपीट होत नाही."

आमच्या खानावळीतला वाढपी तिकडच्या कोपऱ्यात बादली घेऊन उभा असतो, पण नजर तुमच्या वाटीच्या बुडावर. तळ दिसायच्या आत पळी येते. 'बास' म्हटलं तर ऐकू येत नाही, 'वाढ' म्हणावं लागत नाही. त्याला कुणी हॉस्पिटॅलिटीचा कोर्स दिलेला नाही. आणि इथं, कोल्हापूरच्या हद्दीत, रस्सा नाही म्हणाले. लेकीचा चेहरा पडला. मामा काहीच बोलले नाहीत, हे जास्त वाईट.

शेवटी खुद्द शेफ बाहेर आला. उंच टोपी, तोंडात इंग्रजी. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुठला रं तू?"

टोपी थोडी खाली आली. "कागलचा, आजोबा."

"आणि फेस करतोस?"

"मालकांनी सांगितलंय." त्यानं मागं बघितलं, मग वाकून हळूच म्हणाला, "आजोबा, अकराला आमची पोरं मागं जेवायला बसत्यात. पातेलंभर असतोय. तांबडापण."

मी घड्याळ बघितलं. सव्वादहा. अजून तीन कोर्स बाकी होते.

मामांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, दोन्ही हातांनी झटकला आणि मांडीवर नीट पसरला.

"आण बाबा," ते वेटरला म्हणाले, "काय आणायचं ते सावकाश आण."