ताई, जाळी काढून टाकू का?

आज सकाळी पंक्चर काढायला थांबले होते. शेजारच्या गॅरेजात आमच्याच कॉलनीतल्या पोराची गाडी जॅकवर चढवलेली. सेकंडहँड, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, बॉनेटला अजून हाराचा दोरा लटकतोय. कारागीर त्याला सांगत होता, "कॅटकन काढून टाकू, सरळ पाईप घालू, मागं मोठं तोंड लावू. बेस बघ कसला येतोय. मायलेज वाढतंय ते वेगळंच." कॅटकन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारी, पाईपात बसवलेली विटेसारखी जाळी. सगळं मिळून साडेआठ हजार. पोरगं खूष. मला राहवलं नाही, म्हटलं, अरे, तो काढू नकोस. तर म्हणतो, "काकू, तुम्हाला नाही कळायचं ह्यातलं."

बरं. ज्या काकूनं साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात भर पावसात गाडीखाली झोपून सायलेन्सर बांधलाय, तिला नाही कळायचं.

सप्टेंबर २०२१. कासची फुलं बघून परत येत होतो. मी चालवत होते, मागे सासूबाई आणि दोन पोरं. पेट्री गाव सोडलं आणि खालून असा आवाज सुरू झाला की समोरच्या वळणावरची म्हैस रस्ता सोडून चरीत उतरली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकांना वाटंल रणगाडा आला." उतरून बघते तर सायलेन्सरचा मागचा डबा एका रबरावर लोंबकळतोय, दुसरं टोक डांबरावर घासतंय. मी शहाणी, ओढणी काढली आणि बांधला. जॉर्जेटची ओढणी, तापलेला पत्रा. दोनशे मीटरसुद्धा गेलो नाही आणि गाडीत प्लॅस्टिक जळाल्याचा वास. शेवटी एक गुराखी आला, कुंपणाची तार आणि कुठून तरी पक्कड घेऊन. "वैनी, सरका." दोन पीळ दिले, खेळ खलास. पैसे घेतले नाहीत. चहाला सुद्धा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजात गेले तर तेच, आज ऐकलं तेच. "ताई, जाळी काढून टाकू का? चोकअप झालीय. कंपनीचा सेट घालायचा तर वीस हजाराच्या वर. मी पाईप सरळ करून देतो, दीड हजार द्या." खरं सांगते, हो म्हणणारच होते. महिनाअखेर होती. पण तो पुढे म्हणाला, "जुना पार्ट राहू दे इथंच, कचराच आहे." तिथे मी सावध झाले. आपल्याकडचा माणूस दुसऱ्याचा कचरा फुकट ठेवून घेतो होय? नंतर कळलं, त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. थर पातळ, पण भंगारवाला हजारांत मोजतो. म्हणजे पार्ट माझा, दीड हजार माझे, आणि वर उपकार त्याचे!

मग जुन्या एमआयडीसीतले एक मिस्त्री कुणीतरी सांगितले. फक्त सायलेन्सरचं वेल्डिंग करतात. त्यांनी आधी तारेकडे बघितलं आणि म्हणाले, "हे ज्यानं बांधलंय तो कारागीर हाय." मग मला मागच्या नळीच्या तोंडाशी जाड फडकं धरायला लावलं. गाडी चालू, मी फडकं धरून उकिडवी, आणि ते खाली कान देऊन ऐकतायत. फुस्स कुठे होतंय ते. मधल्या जॉइंटचा गॅस्केट गेलेला, डबा खालून चाळणी झालेला. कॅटकनवर हातोडीच्या दांड्यानं दोन टिचक्या मारल्या. "खुळखुळा वाजला असता तर आतली वीट फुटली म्हणायचं. वाजत न्हाई. ह्याला हात लावायचा न्हाई."

नवा लोकल डबा, चार रबरं, दोन गॅस्केट, वेल्डिंग. तीन हजार अडीचशे. आणि सहाशे जास्त घेऊन मधला पाईप साध्या लोखंडाऐवजी स्टेनलेसचा घातला. मी घासाघीस केली तर म्हणाले, "ताई, रोज किती चालवता?" घर ते शाळा, तीन किलोमीटर. "म्हणूनच सडला." एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेचं. गाडी लांब गेली की पाईप तापतो, सगळं बाहेर पडतं. तीन किलोमीटरमध्ये तापतच नाही, पाणी डब्यात बसतं आणि पत्रा आतून खातं. डब्याच्या बुडाला बारीक भोक असतं ते त्यासाठीच, आणि आपण ते गळतंय म्हणून एमसीलनं बुजवतो. मी बुजवलं होतं. स्वतःच्या हातानं.

हा झाला अपग्रेड. ३,८५०. गाडी चालू आहे की बंद, ते कळेना.

आणि आता त्या मायलेजवाल्याला सांगा. जाळी काढून पाईप जोडताना, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी जोड ढिला राहिला की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. गाडीचा कॉम्प्युटर अजून पेट्रोल सोडतो. वाढलं मायलेज? मग चेक इंजिनचा दिवा लागतो, तो विझवायला पुन्हा हेच लोक पुन्हा पैसे घेतात.

हो, जाळी कधीकधी खरंच चोक होते, तेव्हा बदलावीच लागते आणि खिसा फाटतो, मान्य. सरळ मोठ्या पाईपनं वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, थोडी ताकद मिळते, तेही मान्य. पण साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सहा हजार आरपीएम कुणाला लागतात रे? खालच्या गिअरला, घाटात, जिथे ओढ पाहिजे तिथे उलट गाडी मरते, कारण पाईप नको तेवढा रुंद केला की धुराचा वेगच बसतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हे आपण शिकलो कुठे? डबा वाजवला की जेवण वाढतं का?

पोलीस बुलेटच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, आपण फोटो शेअर करतो, टाळ्या. चारचाकीखाली कोण वाकून बघतो? मोटार वाहन कायद्यात कलम १९०(२) ला, आवाज-धुराचे नियम मोडले तर, दहा हजारांपर्यंत दंड आहे, तुरुंगसुद्धा आहे. असू दे. रात्री अकराला आमच्या गल्लीत काचा थरथरतात तेव्हा कलम येत नाही धावून.

चिडून लिहायला बसले होते, पण एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या घाटाच्या आधी वर्षभर सासूबाईंना गाडीत बसलं की डोकं दुखायचं. मळमळायचं. आम्ही म्हणायचो, घाट लागतो, वय झालं, आवळा सुपारी चघळा. त्या बिचाऱ्या खिडकी उघडून पदर नाकाला लावून बसायच्या आणि मी म्हणायचे, आत्या, एसी चालू आहे, काच लावा. सायलेन्सर दुरुस्त झाला, पुढच्या महिन्यात सज्जनगडला गेलो. जाताना नाही, येताना नाही, काही त्रास नाही. मिस्त्रींना सांगितलं तर ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिले. "ताई, धूर आत येत हुता तुमच्या." फुटलेल्या जॉइंटमधून, मागच्या सीटखालून. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो. तो निरुपद्रवी करायचं काम त्या जाळीचं, आणि सगळा पाईप धड ठेवायचं काम आपलं. मी वर्षभर काच लावायला सांगत होते.

आपण कॉलेजात होतो तेव्हा पंपावर शिसेविरहित पेट्रोलची वेगळी पाटी असायची, आठवतंय? २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. शिशानं जाळी मरते, हेही त्यामागचं एक कारण. अख्ख्या देशानं पेट्रोल बदललं त्या विटेसाठी, आणि आपण ती दीड हजार देऊन काढून घेतो.

त्या पोराला निघताना एवढंच म्हटलं, बाबा, काढायचंच असेल तर निदान जुना पार्ट मागून घे. त्यानं कारागिराकडे बघितलं. कारागिरानं माझ्याकडे. पंक्चर काढून झालं होतं, मी निघाले.

हे लिहितेय आणि आत्ता, साडेनऊला, गल्लीच्या तोंडाशी तो आवाज. समोरची कुत्री उठली. आतल्या खोलीतून सासूबाई विचारतायत, "अगं, आपला सायलेन्सर परत पडला का?"